शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म : सोलापूर, २८ मे १९०३, मृत्यू : २४ एप्रिल १९९४) हे मराठी अभियंते व उद्योजक होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे वडील होत. शंतनुरावांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची आणि १९६२ साली अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स या कंपनीची स्थापना केली. शेतीच्या पंपासाठी लागणाऱ्या ५ अश्वशक्तीच्या इंजिनापासून अवजड वाहने व यंत्रे चालवणाऱ्या शेकडो अश्वशक्तीच्या इंजिनांपर्यंत डिझेल इंजिनांचे उत्पादन भारतात रुजवणाऱ्या उद्योजकांत त्यांची गणना होते. भारत सरकारने १९६५ साली त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला.

कौटुंबिक पार्श्वभूमी

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिक्षण घेतल्यानंतर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (व्ही.जे.टी.आय.) या संस्थेत चित्रकलेचे शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत त्यांना यंत्रांची गोडी लागली. पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलविक्रीपासून सुरू झालेला त्यांचा व्यवसाय कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्या उत्पादनापर्यंत पोहोचला. शंतनुरावांचा जन्म झाला त्याच सुमारास लोखंडी नांगराचे उत्पादन सुरू झाले. लोखंडामुळे जमीन नापीक होते असा समज त्या काळी रूढ असल्याने आरंभी या नांगरांना गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले.

बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील माळरान दिले. तेथे १९१० साली कारखाना व कामगारांची वसाहत उभी राहिली. हेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. शेतकऱ्याच्या हाती पडणारे यंत्र साधे, मजबूत व गावातच दुरुस्त होणारे असावे, ही दृष्टी शंतनुरावांना या वातावरणातून मिळाली.

शिक्षण

उच्च शिक्षणासाठी शंतनुराव १९२२ साली अमेरिकेस गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून त्यांनी १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्या काळी परदेशी शिक्षणासाठी जाणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी इंग्लंडला आणि बहुधा कायदा किंवा सनदी सेवेच्या अभ्यासासाठी जात असत. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची पद्धत स्थिरावली होती. तिचा पाया परस्परांशी बदलता येणाऱ्या सुट्या भागांत होता. प्रत्येक भाग ठरलेल्या मापाच्या अत्यंत अरुंद मर्यादेत तयार झाला, तर कोणताही पिस्टन त्याच आकारमानाच्या कोणत्याही इंजिनात कानस न लावता बसतो. भारतातील बहुसंख्य कार्यशाळांत मात्र प्रत्येक भाग कुशल फिटर घासूनपुसून जुळवीत असे. असे यंत्र कारखान्यात उत्तम चालले, तरी त्याचा एखादा भाग मोडल्यास दुसऱ्या यंत्राचा भाग त्यात बसत नसे. पुढे इंजिननिर्मितीत उतरताना हा फरक निर्णायक ठरला.

किर्लोस्करवाडीतील कार्य

भारतात परतल्यावर शंतनुराव किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. नांगराबरोबरच पंप, उसाचे चरक आदी शेतीची यंत्रे तेथे तयार होत. १९३० च्या दशकातील जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि अवजारांची मागणी घटली. त्या काळात कारखान्याने लोखंडी फर्निचरसारखी वेगळी उत्पादने हाती घेतली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रांची आयात आटली. यंत्रे तयार करणारी यंत्रे, म्हणजे लेथ व तत्सम साधने, देशात बनवण्याची निकड त्यामुळे भासू लागली. या कामासाठी म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली. अचूक लेथ हाताशी नसता, तर पुढील काळात डिझेल इंजिनासारखे काटेकोर मापाचे यंत्र मोठ्या संख्येने बनवणे शक्य झाले नसते.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली व मोठे नुकसान झाले. त्यानंतर कारखान्याची पुन्हा उभारणी करण्यात आली. त्या वेळी खडकीची इंजिन कंपनी नुकतीच आकार घेत होती.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स

ओतशाळा व पंप यांचा अनुभव पाठीशी असताना इंजिनाकडे वळण्याचे कारण व्यावहारिक होते. पंप फिरवण्यासाठी शक्ती लागते आणि स्वातंत्र्यपूर्व भारतातील खेड्यांत वीज जवळजवळ नव्हती. शेतकऱ्याला पंपासोबत इंजिन घ्यावे लागे व ते प्रामुख्याने ब्रिटनमधून येई. १९४६ साली शंतनुरावांनी ब्रिटिश इंजिन उत्पादकांच्या तांत्रिक सहकार्याने किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली.

इंजिनाचा आराखडा विकत घेता येतो. तो दर वेळी तितक्याच अचूकतेने लोखंडात उतरवण्याची क्षमता मात्र घरीच घडवावी लागते. सिलिंडरचा ठोकळा ओतताना आत पोकळी राहिल्यास तो चिरतो. क्रँकशाफ्टच्या पोलादाची उष्णताप्रक्रिया चुकल्यास तो काही महिन्यांत तुटतो. इंधन-पंपाच्या दांड्यात व नळकांड्यात काही मायक्रोमीटरचीच फट असावी लागते. ती वाढल्यास इंधनाचा दाबच तयार होत नाही. ओतकाम, यंत्रण, मापन व चाचणी यांची साखळी पूर्ण झाल्याशिवाय परकीय आराखड्याचा उपयोग होत नाही. खडकीच्या कारखान्यात ही साखळी उभी राहिली आणि इंजिनातील आयात भागांची जागा देशी भाग घेऊ लागले.

एव्ही-१ इंजिन

या कारखान्याचे सर्वांत परिचित उत्पादन म्हणजे एव्ही-१ हे इंजिन. ब्रिटनमधील पेटर इंजिनाच्या घडणीवर ते आधारलेले होते. एक उभा सिलिंडर, चार-धाव चक्र, पाण्याने शीतन आणि मिनिटाला १,५०० फेरे अशी त्याची रचना आहे. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, घनफळ सुमारे ५५३ घनसेंटिमीटर आणि शक्ती ५ अश्वशक्ती (सुमारे ३.७ किलोवॅट) आहे. याच कुळातील टीव्ही-१ या इंजिनाचा व्यास ८७.५ मिलिमीटर व घनफळ सुमारे ६६१ घनसेंटिमीटर आहे. ही दोन्ही इंजिने भारतातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चाचणी-इंजिने म्हणून वापरली जातात.

एव्ही-१ च्या कार्यक्षमतेचे मूळ डिझेल तत्त्वात आहे. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते. ते फार दाबल्यास ठिणगीपूर्वीच पेट घेते, म्हणून त्यात संपीडनाला मर्यादा पडते. डिझेल इंजिनात फक्त हवा दाबली जाते. एव्ही-१ मध्ये हवेचे घनफळ १६.५ पट कमी होते व तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तप्त हवेत वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. संपीडन जितके अधिक, तितका ज्वलनातून निर्माण झालेल्या उष्णतेचा मोठा वाटा कामात रूपांतरित होतो. शिवाय शक्ती कमी-अधिक करताना हवा अडवावी लागत नाही, फक्त इंधन बदलावे लागते. त्यामुळे अर्ध्या भारावरही इंधनाची बचत टिकते.

विश्वसनीयतेची कारणे वेगळी आहेत. या इंजिनात ठिणगीचा प्लग, कार्ब्युरेटर किंवा बॅटरी नाही. ते हँडल मारून सुरू करता येते. भाग कमी असल्याने बिघाडाच्या जागाही कमी असतात. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५.५ मीटर, म्हणजे मर्यादित असल्याने पिस्टनच्या कड्या व सिलिंडर यांची झीज हळू होते. गव्हर्नर हे साधन फेऱ्यांची संख्या स्थिर ठेवते, त्यामुळे पंपाचा पट्टा निसटला तरी इंजिन बेफाम धावत नाही. शीतनासाठी पंपाने उपसलेल्या पाण्याचाच एक भाग इंजिनातून फिरवण्याची सोय करता येते.

याच काळात राजकोट येथील लघुउद्योगांत लिस्टर पद्धतीची, मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेणारी मंदगती इंजिने मोठ्या संख्येने तयार होत. ती वजनदार पण सोशीक होती आणि साध्या कार्यशाळेतही दुरुस्त होत. तेवढीच शक्ती देणारे १,५०० फेऱ्यांचे इंजिन आकाराने लहान व वजनाने हलके असते, मात्र त्याला अधिक अचूक यंत्रण, स्वच्छ वंगण व गाळलेले इंधन लागते. ग्राहकासमोर त्यामुळे दोन वेगळे पर्याय होते. दुसऱ्या प्रकारच्या इंजिनाचे यश त्याच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यावर व प्रशिक्षित मेकॅनिकवर अवलंबून होते. शंतनुरावांनी कारखान्याइतकेच लक्ष विक्रेत्यांच्या व सेवाकेंद्रांच्या जाळ्याकडे दिले, यामागे हे कारण होते.

जुन्नर व आंबेगाव परिसरातील वापर

शेतीसाठीच्या डिझेल इंजिनाचे महत्त्व पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या तालुक्यांच्या पश्चिमेला सह्याद्रीचा अतिपावसाचा पट्टा आहे, तर पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. कुकडी, मीना व घोड या येथील प्रमुख नद्या होत. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी मिळण्यापूर्वी बागायतीचा मुख्य आधार काळ्या खडकात खोदलेल्या विहिरींचा होता. विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने उपसले जाई.

५ अश्वशक्तीचे इंजिन व ६० टक्के कार्यक्षमतेचा पंप धरल्यास १५ मीटर उंचीपर्यंत सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी चढवता येते. एवढा उपसा मोटेने करणे अशक्य होते. मात्र सेंट्रिफ्यूगल पंप सुमारे ७ मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे खोल विहिरीत पंप, आणि पुष्कळदा इंजिनही, आतल्या कट्ट्यावर उतरवावे लागे व पावसाळ्यात पाणी चढू लागले की वर काढावे लागे. या कामात हलक्या इंजिनाचा फायदा उघड होता. बिघाडाची किंमतही मोठी होती. कांदा पोसत असताना किंवा द्राक्षाचे मणी भरत असताना इंजिन आठवडाभर बंद पडले, तर हंगामाचे उत्पन्न हातचे जाण्याचा धोका असे.

पाण्यामुळे वाढलेला भाजीपाला, कांदा, बटाटा, टोमॅटो व द्राक्षे बाजारात पोहोचवण्यासाठी पुन्हा डिझेल इंजिनाचीच गरज लागते. मंचर व नारायणगाव येथून माल पुणे–नाशिक मार्गाने पुण्याकडे, तर आळे फाट्यावरून माळशेज घाटमार्गे कल्याण-मुंबईकडे ट्रकने जातो. पंपाचे इंजिन एकाच वेगाने व जवळपास एकाच भाराने चालते. ट्रकच्या इंजिनाचा भार व वेग मात्र क्षणोक्षणी बदलतो. भरलेला ट्रक घाट चढताना कमी फेऱ्यांवर मोठा टॉर्क लागतो; त्याच वेळी समोरून येणारी हवा कमी असल्याने शीतनावर ताण पडतो. म्हणून ट्रकच्या इंजिनात क्रँकशाफ्ट व बेअरिंगे अधिक भक्कम, वंगणाचे शीतन व गाळण अधिक काटेकोर आणि इंधन-पंप भाराला तत्काळ प्रतिसाद देणारा असावा लागतो.

किर्लोस्कर कमिन्स

स्वातंत्र्यानंतर भारतात ट्रकनिर्मिती सुरू झाली. टेल्को कंपनीने १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रक बनवले, तर मद्रासमध्ये अशोक लेलँडचे उत्पादन उभे राहिले. या कंपन्या आपापली इंजिने वापरत. धरणे, खाणी व रस्ते यांच्या कामासाठी लागणारे डंपर, बुलडोझर, कॉम्प्रेसर व जनित्रे यांना मात्र त्याहून मोठ्या इंजिनांची गरज होती व ती आयात करावी लागत. ही उणीव भरून काढण्यासाठी शंतनुरावांनी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या कोलंबस शहरातील कमिन्स इंजिन कंपनीशी करार केला.

क्लेसी कमिन्स यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या या कंपनीने डिझेल इंजिन रस्त्यावर आणण्यात पुढाकार घेतला होता. १९३१ सालच्या इंडियानापोलिस ५०० मैलांच्या शर्यतीत तिच्या डिझेल मोटारीने एकदाही न थांबता सारे अंतर पार केले होते. इंधनबचत व टिकाऊपणा या दोन्ही गुणांचे ते जाहीर प्रात्यक्षिक ठरले. पुढे कमिन्सने पी.टी. ही इंधनप्रणाली विकसित केली. तीत मुख्य पंप कमी दाबाने इंधन पोहोचवतो आणि प्रत्येक सिलिंडरवरील इंजेक्टर कॅमच्या साहाय्याने अंतिम उच्च दाब निर्माण करतो. परिणामी पंपापासून सिलिंडरपर्यंत उच्च दाबाच्या लांब नळ्या लागत नाहीत व त्या फुटण्याचा किंवा गळण्याचा प्रश्न उरत नाही.

किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ साली स्थापन झाली. तिचा कारखाना पुण्यातील कोथरूड भागात उभारण्यात आला. भागभांडवलाचा निम्मा वाटा कमिन्सचा होता. उरलेला किर्लोस्कर समूह व जनता यांच्यात विभागलेला होता. आरंभीचा काळ कठीण होता. मोठ्या इंजिनाचे शेकडो भाग देशात बनवणारे पुरवठादार तयार नव्हते आणि कमिन्सच्या मानकांत सूट मिळणारी नव्हती. त्यातच जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला व आयात भाग एकाएकी महागले. स्वस्त पण कमी प्रतीचे भाग वापरणे किंवा पुरवठादार घडवण्यासाठी वेळ व पैसा खर्चणे असे दोन मार्ग समोर होते. कंपनीने दुसरा मार्ग धरला. पुणे परिसरात अचूक सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांच्या वाढीला अशा मागणीमुळे चालना मिळाली.

या कंपनीची इंजिने प्रामुख्याने बांधकामयंत्रे, खाणकाम व वीजनिर्मिती या क्षेत्रांत वापरली गेली. भारतीय ट्रकमध्ये कमिन्स इंजिनांचा व्यापक प्रसार १९९३ साली स्थापन झालेल्या टाटा कमिन्स या वेगळ्या कंपनीमुळे झाला. शंतनुरावांच्या निधनानंतर किर्लोस्कर समूहाने किर्लोस्कर कमिन्समधील आपला वाटा सोडला व ती कंपनी पुढे कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली.

आर्थिक विचार व टीका

१९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्यानंतर कारखाना काढणे, उत्पादनक्षमता वाढवणे वा नवे उत्पादन घेणे यांसाठी सरकारी परवाना आवश्यक झाला. शंतनुराव या व्यवस्थेचे स्पष्टवक्ते टीकाकार होते. उत्पादनाच्या संख्येवर मर्यादा घातल्यास प्रत्येक इंजिनाची किंमत वाढते आणि स्पर्धा नसल्यास दर्जा सुधारण्याची गरज उरत नाही, असे त्यांचे मत होते. भारतीय मालाची परीक्षा परदेशी बाजारात व्हावी, या विचाराने त्यांनी इंजिनांच्या निर्यातीवर भर दिला. भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे (फिक्की) अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

परकीय सहकार्यावर विसंबल्याने स्वतंत्र आराखडे विकसित करण्याची देशी क्षमता मागे पडते, असा आक्षेप त्या काळातील अनेक भारतीय उद्योगांप्रमाणे किर्लोस्कर समूहाच्या धोरणावरही घेता येतो. एव्ही-१ व कमिन्स ही दोन्ही इंजिने मुळात परदेशी आराखड्यांवर आधारलेली होती. दुसऱ्या बाजूने, आराखडा कोणाचाही असला तरी तो देशात अचूकपणे घडवण्याचे, तपासण्याचे व दुरुस्त करण्याचे ज्ञान या उत्पादनातून निर्माण झाले. स्वतंत्र संशोधनासाठी असे ज्ञान ही पूर्वअट असते.

वैयक्तिक जीवन

शंतनुरावांच्या पत्नीचे नाव यमुताई होते. त्यांचे पुत्र चंद्रकांत हेही समूहाच्या इंजिन उद्योगात कार्यरत होते. पुण्यातील मॉडेल कॉलनीमधील किर्लोस्करांचे 'लकाकी' हे निवासस्थान लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावातील आद्याक्षरांवरून ओळखले जाते. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यानंतर समूहाच्या विस्ताराची मुख्य जबाबदारी शंतनुरावांवर आली. कॉम्प्रेसर व शीतनयंत्रे बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी त्यांच्याच कारकिर्दीत पुण्यात सुरू झाली. 'कॅक्टस अँड रोझेस' या इंग्रजी आत्मचरित्रात त्यांनी आपल्या जीवनप्रवासाची हकिकत लिहिली आहे. २४ एप्रिल १९९४ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर त्यांचे निधन झाले.

वारसा

भारतीय टपाल खात्याने जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००३ साली शंतनुरावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. ग्रामीण विद्युतीकरणानंतर विहिरींवरील डिझेल इंजिनांची जागा मोठ्या प्रमाणावर विजेच्या मोटारींनी घेतली. तरीही वीज नसलेल्या वा अनियमित असलेल्या ठिकाणी, जनित्रांत व प्रयोगशाळांत एकसिलिंडर डिझेल इंजिने टिकून आहेत. पुणे परिसरात इंजिने, त्यांचे सुटे भाग व वाहने बनवणारा जो उद्योगपट्टा विकसित झाला, त्याच्या प्रारंभीच्या आधारस्तंभांत खडकी व कोथरूड येथील या दोन कारखान्यांचा समावेश होतो.